अल्पसंख्याकांसाठीचं भरती प्रशिक्षण घेऊ की नको?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

«मी परभणी जिल्ह्यातली, वय २१. दहावी उर्दू माध्यमातून, बारावी मराठी माध्यमाच्या कॉलेजातून झाले. आम्ही बागवान. पोलीस शिपाई भरतीची तयारी करते आहे. आमच्याकडे अल्पसंख्याक मुलामुलींसाठी शासनाचं मोफत भरतीपूर्व प्रशिक्षण सुरू होणार आहे. नाव घालायचं ठरवलं, तर माझी जिवलग मैत्रीण (ती माळी समाजाची, आम्ही एकत्रच पळतो) म्हणाली, ‘तुमचं बरं आहे, सरकार तुम्हाला हाताला धरून नेतं.’ तेव्हापासून मन खट्टू झालंय. अब्बू म्हणतात, आपल्या मुलींना कोण घेतंय, उगाच पाय झिजवू नकोस. मामूंच्या ओळखीचा एक माणूस ‘काम करून देतो’ म्हणतो. माझी उंची साडेपंचावन्न, म्हणजे १५५.५ सेंटीमीटर. मी स्कार्फ बांधते. आणि माझ्या भावाचं नाव दोन वर्षांपूर्वी एका दगडफेकीच्या केसमध्ये आलं होतं. मी अर्ज करावा का?»

उत्तर:

अर्ज कर, आणि प्रशिक्षणाला नावही घाल. मैत्रिणीच्या बोलण्याचा राग धरू नकोस, पण ते मान्यही करू नकोस. हाताला धरून नेणं आणि दारापर्यंतची वाट दाखवणं यात फरक आहे, आणि पोलीस भरतीपुरता तो अगदी मोजून दाखवता येतो.

या भरतीत धर्माच्या नावावर एकही जागा राखीव नाही. राज्यघटनेच्या कलम १६(२) नुसार सरकारी नोकरीत केवळ धर्मावरून भेदभाव करता येत नाही. आरक्षण मिळतं ते कलम १६(४) खाली, मागास वर्गांना. महाराष्ट्रात २०१४ च्या जुलैमध्ये मुस्लिम समाजातल्या काही मागास गटांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता. उच्च न्यायालयाने त्यातला नोकरीचा भाग रोखला आणि वर्षअखेरीस तो अध्यादेशच बाद झाला. म्हणजे आज तू आणि तुझी मैत्रीण मैदानात उतराल तेव्हा तुमची यादी एकच असेल: इतर मागास वर्ग, महिला. ती माळी म्हणून तिथे आहे, तू बागवान म्हणून. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत माळी समाजाच्या जोडीनेच बागवान येतात. तिचे गुण जास्त आले तर ती वर, तुझे आले तर तू वर.

आता ‘सरकार फक्त तुम्हालाच शिकवतं’ हा मुद्दा. ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या मुलांसाठी महाज्योती आहे, अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी अमृत. या संस्था स्पर्धा परीक्षांच्या आणि भरतीच्या तयारीला मदत करतात. तुझ्या मैत्रिणीला महाज्योतीच्या संकेतस्थळावर पोलीस भरतीच्या प्रशिक्षणाची सूचना शोधायला सांग. निवड झाली तर तिचा अकॅडमीचा खर्चही वाचेल. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ‘अल्पसंख्याक’ म्हणजे फक्त मुसलमान नव्हेत. बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशी, ज्यू सगळे त्यात येतात, आणि महाराष्ट्रात बौद्धांची संख्या अर्धा टक्का-एक टक्का नाही, २०११ च्या जनगणनेत ती जवळपास ५.८ टक्के आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात तुझ्या शेजारी बौद्ध मुली दिसल्या तर नवल वाटून घेऊ नकोस.

तरीही ‘मुळात अल्पसंख्याकांना पोलिसांत या म्हणून सांगायचंच कशाला’ हा प्रश्न खोटा नाही, त्यामुळे तो टाळत नाही. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करायला केंद्राने नेमलेल्या सच्चर समितीने २००६ साली आकडे मांडले तेव्हा देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम १३.४ टक्के होते. पोलीस शिपायांमध्ये त्यांचा वाटा सुमारे ६ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के. त्याच वर्षी केंद्राच्या अल्पसंख्याकांसाठीच्या पंधरा कलमी कार्यक्रमात पोलीस भरतीत अल्पसंख्याकांचा विशेष विचार करावा, निवड समित्यांमध्ये त्यांचं प्रतिनिधित्व असावं, असा सल्ला राज्यांना दिला गेला. कारण साधं आहे. मोहल्ल्यात बंदोबस्त लागतो, पंचनामा होतो, बाईची तक्रार घ्यायची असते, तेव्हा ठाण्यात ती भाषा आणि ते घर ओळखणारं कुणी असलं तर काम सोपं होतं. अफवा लवकर कळते, माणूस लवकर बोलतो. यात उपकाराचा भाग नाही; पोलिसांची ती गरज आहे.

विरोधकांचे दोन मुद्दे मात्र आम्हाला खरे वाटतात. एक, फक्त अल्पसंख्याकांची वेगळी बॅच केली की मुलं आपसातच सराव करतात आणि खऱ्या स्पर्धेचा अंदाज चुकतो. दोन, योजना कागदावर चांगली असली तरी ती राबवणारी संस्था कशी आहे यावर सगळं ठरतं. पहिल्यावर तुझा उपाय तुझ्याकडेच आहे: मैत्रिणीबरोबरचं पळणं सोडू नकोस. दुसऱ्यासाठी नाव घालण्याआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी बघ. मैदान आखलेलं आहे का, चार किलोचे गोळे किती आहेत, आणि मराठी व्याकरण शिकवायला स्वतंत्र माणूस आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर मैदानासाठी तिथे जा आणि व्याकरणासाठी दुसरीकडे सोय कर. साधारण दोन महिन्यांच्या प्रशिक्षणात शून्यापासून शिपाई घडत नाही. आधीपासून पळणाऱ्या मुलीचे सात-आठ गुण वाढतात. तेवढे पुरेसे असतात. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात कर. बारावीची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि अल्पसंख्याक असल्याचं स्वयंघोषणापत्र बरोबर ठेव.

जगात याच वादाचं एक टोकाचं उदाहरण उत्तर आयर्लंडचं आहे. तिथल्या पोलीस दलात कॅथलिकांचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं. २००१ ते २०११ अशी दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिक आणि निम्मी इतर, असा कायदाच केला, आणि प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात गेलं. प्रोटेस्टंट तरुणांनी ‘आमच्यावर अन्याय’ म्हणून तक्रारी केल्या, आणि गुण असूनही जागा गेलेल्यांची ती तक्रार पोकळ नव्हती. आपल्याकडे तसं काही नाहीच. इथे फक्त ‘या, अर्ज करा, पळायला शिकवतो’ एवढंच आहे. वाद घालणाऱ्याला आधी हा फरक विचारावा: बोलावण्यावर आक्षेप आहे की जागा राखण्यावर?

अब्बूंच्या शंकेला उत्तर भरतीच्या रचनेतच आहे. शिपाई भरतीत मुलाखत नसते. कुणीतरी समोर बसून तुझं नाव वाचून गुण देतंय, असा टप्पाच नाही. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० ची, दोन्हींची बेरीज आणि प्रवर्गनिहाय यादी. धावताना चिप लावतात, कॅमेरे असतात, गोळ्याचं अंतर टेपने मोजतात. लेखी परीक्षा पर्यायी प्रश्नांची, उत्तरपत्रिका ओएमआर, म्हणजे गोल भरायची आणि यंत्राने तपासली जाणारी, आणि उत्तरतालिका जाहीर होते तेव्हा हरकत घेता येते. ड्युटीवर काय ऐकावं लागेल, या प्रश्नाला असं साफ उत्तर नाही. कुठल्याही ठाण्यात शेरे मारणारा एखादा भेटतो. पण ते मुलीच्या वाट्याला येतंच, ग्रामीण मुलीच्या, दलित मुलीच्याही येतं. अब्बूंना त्यासाठी तालुक्यातल्या एखाद्या महिला अंमलदाराशी बोलू दे. आमच्या सांगण्यापेक्षा ते जास्त पटेल.

आता उंची. महिलांसाठी किमान १५५ सेंटीमीटर. तुझ्याकडे अर्धा सेंटीमीटर शिल्लक आहे आणि तो दिवसभरात सहज जातो. रात्री झोपल्यावर पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगतात, दिवसभर उभं राहिल्यावर दबतात. सकाळ-संध्याकाळच्या मापात सेंटीमीटरभर फरक पडू शकतो. त्यामुळे संध्याकाळी, पळून आल्यावर, अनवाणी, भिंतीला टाच-पाठ-डोकं टेकवून मोजून बघ. तेव्हाही १५५ भरलं तर काळजी नको. चाचणीच्या दिवशी रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट मैदान गाठू नकोस, आदल्या दिवशी पोहोचून आडवी हो. अंबाडा डोक्यावर बांधू नकोस, तो सोडायला लावतात आणि घाईत मान वाकडी होते. माप घेताना हनुवटी वर करू नये, उंची वाढत नाही, उलट कमी भरते. नजर समोर ठेव. माप चुकलं असं वाटलं तर मैदान सोडण्याआधी, त्याच वेळी तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे फेरमोजणी माग. घरी गेल्यावर केलेल्या अर्जाला किंमत राहत नाही.

मैदानी चाचणीत महिलांना ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. पन्नासपैकी निम्मे, म्हणजे २५ मिळाले की पात्र. पण तिथे थांबू नकोस. लेखीला जागांच्या दहापट उमेदवारच बोलावतात, आणि तेही प्रवर्गनिहाय. तुमच्या जिल्ह्यात ओबीसी महिलांच्या तीन जागा असतील तर मैदानातल्या वरच्या तीसजणीच पुढे जाणार. २०२४ च्या भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज होते. पंचवीसवाली त्या गर्दीत कुठेच नसते.

८०० मीटरचे पूर्ण २० गुण २ मिनिटं ५० सेकंदांत आहेत. त्यानंतर दर दहा सेकंदांना साधारण दोन गुण जातात. हिशेब असा लाव: ४०० मीटरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या, प्रत्येकी ८५ सेकंद. बहुतेक मुली पहिली फेरी जमावाबरोबर ७५ मध्ये मारतात आणि दुसरीला पाय शिशाचे होतात. मग १०५ लागतात आणि बेरीज तीन मिनिटांवर जाते. पहिली ८३-८४, दुसरी ८६ अशी धाव. यासाठी आठवड्यातून एक दिवस २०० मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक ४२ सेकंदांत, मध्ये दीड मिनिट चाल. दुसऱ्या दिवशी ४०० चे चार, ८४-८५ सेकंदांत, मध्ये तीन मिनिटं. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस चार-पाच किलोमीटर अगदी सावकाश, बोलता येईल इतक्या वेगाने. रोज जीव तोडून पळणारी मुलगी महिनाभरात नडगीचं दुखणं घेऊन बसते, त्यातून डांबरी रस्त्यावर पळत असेल तर नक्कीच. मातीचा बांध, कॉलेजचं मैदान, काहीही चालेल, डांबर नको. धाप लवकर लागत असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घे. बारापेक्षा खाली असेल तर वेळ सुधारायची औषधं मैदानावर नाहीत, लोहाच्या गोळ्यांत आहेत. मैदानाबाहेर कुणी ‘ताकदीचं’ इंजेक्शन देऊ केलं तर तिथून निघून जा.

१०० मीटरला पूर्ण १५ गुण १४ सेकंदांत, १४ ते १५ मध्ये आलीस तर १२. इथे सुरुवात बिघडते. शिट्टी झाल्यावर सरळ उभं राहून पहिलं पाऊल टाकलं की अर्धा सेकंद तिथेच गेला. पहिली आठ-दहा पावलं अंग पुढे झुकलेलं हवं, आणि वेग रेषेवर नव्हे, रेषेच्या पाच मीटर पलीकडे सोडायचा.

गोळा महिलांना चार किलोचा, पूर्ण गुणांसाठी ६ मीटर. हा सगळ्यात स्वस्त गुणांचा भाग आहे, आणि मुली त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात. गोळा तळहातात धरू नकोस, बोटांच्या मुळांशी ठेव. मान आणि जबड्याच्या खाली टेकव, कोपर खांद्याच्या पातळीला आण. कोपर खाली पडलं की गोळा ढकलला न जाता क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकला जातो. तो फाउल धरतात, शिवाय खांदा दुखावतो. ताकद हातातून येत नाही, मागच्या पायाच्या ढकलण्यातून आणि कमरेच्या वळण्यातून येते. फेक झाल्यावर वर्तुळाच्या पुढच्या बाजूने बाहेर पडू नकोस, मागच्या अर्ध्या भागातूनच निघ. सहा मीटर गेलेला गोळा एका पावलामुळे शून्य होतो. आठवड्यात तीन दिवस, दर वेळी वीस-पंचवीस फेका पुरेशा आहेत. आधी जागच्या जागी, मग घसरत.

तुझा कमकुवत भाग बहुधा लेखी परीक्षेतलं मराठी व्याकरण असेल. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, चार भाग: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण. साधारण पाव-पाव वाटा धर. किमान ४० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. उर्दू माध्यमातून आलेल्या मुली व्याकरणात दहा-बारा गुणांवर अडकतात, आणि त्या प्रयोगात किंवा समासात अडकत नाहीत. ते पाठ करून जमतं. अडतात लिंग, वचन, सामान्यरूप, ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘न-ण’, ‘ल-ळ’ इथे, कारण ते कानाने येतं. रोज एक मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाच, आणि पाच ओळी हाताने लिहून काढून मूळ मजकुराशी ताडून बघ. अंकगणितातही सुरुवातीला शब्दच अडवतात: औसत, फीसद, रकबा हे डोक्यात असतं आणि प्रश्नात सरासरी, शेकडेवारी, क्षेत्रफळ येतं. एका पानावर अशा चाळीसेक शब्दांची यादी कर, आठवड्याभरात सवय होते. मग मागच्या भरत्यांच्या जिल्हावार प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. पुस्तक चौथ्यांदा वाचण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

कागदपत्रांवर मात्र आजच बस, कारण मैदान मारून मुली इथे पडतात. ‘मुस्लिम’ एवढंच लिहिलेल्या शाळेच्या दाखल्यावर ओबीसीचा जातीचा दाखला मिळत नाही. जात सिद्ध करावी लागते, आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा किंवा वास्तव्याची नोंद मागतात. आजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यू नोंद, जुना सातबारा किंवा खरेदीखत, ज्यात ‘बागवान’ असा उल्लेख आहे, तो शोधा. घरात कुणाचा आधीच दाखला निघाला असेल, चुलत भावाचा, आत्याचा, तर काम खूप हलकं होतं. त्याबरोबर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, तेही अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी काढलेलं आणि त्या आर्थिक वर्षासाठी वैध असलेलं. मार्च संपला की जुनं चालेल असं गृहीत धरू नकोस. निवड झाली तर जात वैधता, म्हणजे तुझा जातीचा दाखला तपासून दिलेलं प्रमाणपत्र लागेल, त्याची तयारी आत्ताच सुरू झालेली बरी. पुरावा सापडलाच नाही तर खुल्या प्रवर्गातून आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढता येतो, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पण ज्यांची जात ओबीसीत आहे त्यांना तो मिळत नाही, म्हणून तहसीलमध्ये विचारून मग पाऊल टाक.

ओबीसीत अर्ज केला म्हणून खुल्या महिलांच्या जागा तुला बंद होत नाहीत. उत्तर प्रदेशच्या शिपाई भरतीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये हेच ठरलं: राखीव प्रवर्गातल्या महिलेचे गुण खुल्या महिलांच्या यादीत बसत असतील तर तिला तिथे घ्यावंच लागतं.

नाव हा दुसरा घोळ. मराठवाड्यात गुणपत्रिकेवर ‘एसके’, आधारवर ‘शेख’, दाखल्यावर ‘शैख’, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, वडिलांचं नाव एकदा ‘मो.’ आणि एकदा ‘मोहम्मद’ असं सर्रास असतं. अर्ज भरताना दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिही. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घे, ते सगळ्यात सोपं. गुणपत्रिकाच चुकली असेल तर शाळेमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे अर्ज जातो, त्याला महिने लागतात. तोवर राजपत्रात नावाच्या बदलाची नोंद ऑनलाइन करता येते आणि ती प्रत पडताळणीच्या वेळी दाखवता येते. नुसतं बॉण्डवरचं प्रतिज्ञापत्र पुरेल असं कुणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नकोस.

अर्ज करताना एका पदासाठी एकच घटक, म्हणजे एकाच जिल्ह्याचं किंवा शहराचं पोलीस दल, निवडायचा असतो. दोन जिल्ह्यांत शिपाईपदाचे दोन अर्ज केले की दोन्ही धोक्यात येतात. वेगळ्या पदाचा, म्हणजे कारागृह शिपाई किंवा चालक, वेगळा अर्ज चालतो. घटक निवडण्याआधी जाहिरातीतला आरक्षणाचा तक्ता उघड आणि ‘इमाव (इतर मागास वर्ग), महिला’ या चौकटीत किती जागा आहेत ते बघ. जवळचा जिल्हा म्हणून शून्य जागांवर अर्ज केलेल्या मुली दर भरतीत असतात. शुल्क मागच्या भरत्यांत खुल्याला ४५० आणि राखीवला ३५० रुपये होतं.

स्कार्फचं दोन टप्प्यांत बघ. चाचणीला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि डोक्याला घट्ट बसणारी खेळाची टोपी किंवा स्कार्फ घालून पळता येतं. पिना नकोत, धावताना टोचतात. ओळख पटवताना चेहरा आणि लेखीला कान मोकळे करून दाखवावे लागतात, कारण ब्लूटूथचे प्रकार झालेत. ते महिला अंमलदारच तपासते. थोडं आधी पोहोचून आडोशाला तपासा म्हणालीस तर सहसा ऐकतात. नोकरीत मात्र गणवेश ठरलेला आहे आणि त्यावर स्कार्फची सोय नाही. सुरक्षा दलांच्या बाबतीत न्यायालयांनी शिस्तीच्या बाजूने निकाल दिले आहेत. हवाई दलातल्या दाढीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तसंच केलं. ब्रिटनमध्ये लंडनच्या पोलिसांनी हिजाबला गणवेशात जागा दिली, आपल्याकडे तशी मागणी करायला हरकत नाही, पण ती मान्य होईल या भरवशावर अर्ज करू नकोस. हे घरात आत्ताच बोलून घ्या. प्रशिक्षण केंद्रात गेल्यावर यावरून घरी बोलावून घेतलं तर वर्ष जाईल आणि नावही.

रमजानमध्ये मैदान आलं तर तारीख बदलून मिळेल असं धरू नकोस. दोन पदांच्या चाचण्या एकाच दिवशी आल्या तर प्रवेशपत्र दाखवून दुसरी तारीख मागता येते, रोज्यासाठी तशी तरतूद नाही. त्या महिन्यात सराव इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी कर, वेगाचे तुकडे निम्मे कर, गोळा आणि अभ्यास तसाच ठेव. चाचणीच्या त्या एका दिवसाचं काय करायचं ते घरातल्या जाणत्यांशी बोलून आधीच ठरव, ऐन मैदानावर नको. कोरड्या तोंडाने ८०० मीटरला उतरून चक्कर आलेल्या मुलीला कुणी दुसरी संधी देत नाही.

मामूंच्या त्या ओळखीच्या माणसाला साफ नाही म्हण. मुलाखतच नाही तिथे तो काम कुठे करून देणार? असे लोक वीसजणांकडून पैसे घेतात, आपल्या गुणांवर दोघं लागतात, त्यांचे पैसे ठेवतात आणि बाकीच्यांना फिरवत राहतात. त्याने मूळ कागदपत्रं ‘सांभाळायला’ मागितली असतील तर अजिबात देऊ नका. पोलिसांतल्या किंवा कार्यालयातल्या कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४.

भावाच्या केसचं सगळ्यात शेवटी, कारण पत्रात तूही ते शेवटी, भीत भीत लिहिलंयस. चारित्र्य पडताळणी निवड झालेल्या उमेदवाराची होते. भावावर गुन्हा आहे म्हणून तुझी नियुक्ती नाकारण्याचा नियम नाही. फॉर्ममधला प्रश्न तुझ्याबद्दल असतो: तुझ्यावर गुन्हा, अटक, खटला आहे का. एफआयआर काढून वाच. ‘इतर दहा-पंधरा जण’ अशा मोघम नोंदीत पुढे घरातल्या बायकांची नावं घातलेली कधी कधी सापडतात. तुझं नाव त्यात नसेल तर ‘नाही’ लिही. असेल तर केस निकाली निघाली असो वा नसो, लपवू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात अशा प्रकरणांची चौकट घालून दिली: माहिती खरी द्यावी, आणि खरी दिल्यावरही गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घेण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. लपवलेलं सापडलं तर प्रशिक्षण सुरू असतानाही काढून टाकतात. एफआयआरची प्रत राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते, संवेदनशील ठरवलेले गुन्हे तिथे दिसत नाहीत. तसं असेल तर भावाच्या वकिलाकडून आरोपपत्राची प्रत माग आणि त्यातली नावांची यादी स्वतः वाच.